काचेच्या खिडकीची परीक्षा

दुपारचे तीन वाजले आहेत. मुंबईंतील एका नव्या, उंच इमारतीच्या बाराव्या मजल्यावरील कचेरींत पश्चिमेकडची सबंध भिंत काचेची आहे. ती बांधविणाऱ्याचा हेतु चांगलाच होता : आंत भरपूर उजेड यावा, दूरवर समुद्र दिसावा आणि काम करणाऱ्यांचें मन प्रसन्न राहावें. परंतु ह्या वेळीं कोणी त्या कचेरींत डोकावून पाहिलें तर निराळाच देखावा दिसतो. काचेवर वरपासून खालपर्यंत जाड पडदे ओढलेले आहेत. पडद्यांमुळें अंधार झाला म्हणून विजेचे दिवे लावले आहेत. काच तापली, दिवेहि उष्णता टाकूं लागले, म्हणून हवा थंड करणारें यंत्र पूर्ण वेगानें चालू आहे. इतकें करूनहि काचेजवळ बसलेला कारकून घामाघूम झाला आहे, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला, यंत्राच्या झोतांत बसलेला त्याचा सोबती गारठून गेला आहे. उजेडासाठीं काच, काचेसाठीं पडदा, पडद्यासाठीं दिवा आणि दिव्यासाठीं पुन्हा यंत्र, असा हा खर्चाचा रहाट दिवसभर फिरत असतो.

ह्या रहाटाचा खर्च अखेरीस कोणाला तरी सोसावा लागतोच. कचेरी भाड्याची असली तरी विजेचें बिल बहुधा भाडेकरूच भरतो. दवाखान्यासाठीं, पेढीसाठीं किंवा शिकवणीच्या वर्गासाठीं लहानसा गाळा विकत घेणाऱ्या कुटुंबाला तर तें वर्षानुवर्षें भरावें लागतें. दिवा जुना झाला तर घटकेंत बदलतां येतो; यंत्रहि दहा-पंधरा वर्षांनीं बदललें जातें; पण इमारतीला एकदां काच बसली कीं ती एका पिढीपुरती तेथेंच राहते. म्हणून तिची परीक्षा ती बसविण्यापूर्वींच व्हावयास पाहिजे. अशी परीक्षा घेण्याचें शास्त्र सिद्ध झालेलें आहे. तिचे गुण आंकड्यांत मांडतां येतात, आणि ते आंकडे वाचण्यासाठीं इंजिनियर असण्याची आवश्यकता नाहीं.

तूप वासावरून ओळखतां येतें, कापड हातानें चाचपून पाहतां येतें. पण काचेचा हा गुण डोळ्यांना दिसत नाहीं. शेजारीं शेजारीं ठेवलेलीं दोन तावदानें सारखींच स्वच्छ दिसतील, आणि तरीहि एकांतून दुसऱ्याच्या दुप्पट उष्णता आंत येत असेल. ही गोष्ट व्यवहारी लोकांच्या ध्यानांत येण्यास एक संकट कारण झालें. १९७३ सालीं खनिज तेलाचे भाव अकस्मात् चढले, आणि इमारती उबदार किंवा थंड ठेवण्यासाठीं किती इंधन जळतें ह्याचा हिशोब अमेरिकेंत सुरू झाला. कॅलिफोर्नियांतील बर्कले येथील लॉरेन्स प्रयोगशाळेंत खिडक्यांवर संशोधन होऊं लागलें, आणि पुढील दशकांत विशेष लेप दिलेल्या दुहेरी काचांच्या खिडक्या बाजारांत आल्या. त्यांच्याबरोबर कारखानदारांचे दावेहि आले. कोणी केवळ काचेच्या मध्यभागाचा आंकडा सांगे, कोणी चौकटीसह सांगे. गिऱ्हाइकानें तुलना करावी तरी कशी? हा गोंधळ मिटावा म्हणून १९८९ सालीं तेथें ‘नॅशनल फेनेस्ट्रेशन रेटिंग कौन्सिल’ ही संस्था स्थापन झाली. ‘फेनेस्ट्रेशन’ हा खिडक्या, काचेचीं दारें आणि छपरांतील झरोके ह्या सर्वांना मिळून असलेला शब्द होय. ही संस्था कोणत्याहि खिडकीला चांगली किंवा वाईट म्हणत नाहीं. सर्वांच्या खिडक्या ठरीव आकाराच्या धरून, ठरीव तापमानांत व ठरीव वाऱ्यांत त्यांचे गुण मोजावयाचे आणि ते आंकडे जसेच्या तसे जाहीर करावयाचे, एवढेंच तिचें काम. निवड ज्याची त्यानें करावी.

ह्या आंकड्यांपैकीं पहिला म्हणजे ‘यू-गुणक’. बाहेरच्या आणि आंतल्या हवेंत एक अंश सेंटिग्रेडचा फरक असतां एक चौरस मीटर खिडकींतून किती वॉट उष्णता वाहते, हें तो सांगतो. आंकडा जितका लहान तितकी खिडकी उष्णतेला अधिक अडविणारी. साध्या एकेरी काचेचा यू-गुणक सुमारें ५.७ असतो. नऊ इंची विटांच्या भिंतीचा हाच आंकडा सुमारें २ असतो, ह्यावरून एकेरी काच किती दुबळी आहे हें कळेल. दोन काचांमध्यें बारा मिलिमीटर हवेची पोकळी ठेवली कीं हा आंकडा निम्म्यावर, म्हणजे सुमारें २.८ वर येतो. त्याहून खालीं जावयाचें असेल तर थर्मासच्या बाटलीची युक्ति उपयोगी पडते.

थर्मासमध्यें चहा गरम राहतो तो केवळ दुहेरी भिंतीमुळें नव्हे. त्या भिंतींना दिलेला चकचकीत मुलामा उष्णतेच्या अदृश्य किरणांना ओलांडून जाऊं देत नाहीं, हेंहि त्याचें कारण आहे. दुहेरी खिडकींतहि एका काचेकडून दुसरीकडे जाणाऱ्या उष्णतेचा मोठा भाग अशा किरणांच्या रूपानेंच जातो. म्हणून काचेच्या आंतल्या अंगाला चांदीचा अतिशय पातळ थर देतात. त्याची जाडी मिलिमीटरच्या लाखाव्या भागाइतकी असल्यामुळें दृष्टीस तो अडथळा करीत नाहीं. पण तापलेली काच एरवीं ज्या सढळपणानें उष्णता बाहेर टाकते तो सढळपणा ह्या थरामुळें नाहींसा होतो. पोकळींत हवेऐवजीं आर्गॉनसारखा जड व मंद वायु भरला तर यू-गुणक दीडच्या आसपास येतो.

दुसरा आंकडा ‘सौर-उष्णता-गुणांक’. खिडकीवर पडलेल्या उन्हांतील किती भाग उष्णतेच्या रूपानें खोलींत येतो, तें हा आंकडा सांगतो. जी उष्णता काचेंतून सरळ आंत येते ती ह्यांत धरलेली असते, आणि काच स्वतः तापून मागाहून जी आंत सोडते तीहि धरलेली असते. काहींच आलें नाहीं तर शून्य, सगळें आलें तर एक. साध्या एकेरी काचेचा हा गुणांक सुमारें ०.८२ असतो, म्हणजे शंभर भाग ऊन पडलें तर ब्याऐंशी भाग उष्णता आंत आली असें समजावें.

ह्या दोहोंपैकीं अधिक महत्त्वाचा कोणता, ह्याचें उत्तर गांवावर अवलंबून असतें. आणि सर्व विषयाची किल्ली येथेंच आहे. दोन चौरस मीटरची एक साधी, एकेरी काचेची खिडकी घ्यावी, आणि ती आधीं उत्तर अमेरिकेंतील मिनिआपोलिससारख्या थंड शहरांत नेऊन बसवावी. हिवाळ्याच्या रात्रीं बाहेर शून्याखालीं १८ अंश आणि आंत २१ अंश तापमान असलें, तर फरक ३९ अंशांचा झाला. दोन गुणिले ५.७ गुणिले ३९ हा हिशोब केला तर त्या खिडकींतून सुमारें ४४५ वॉट उष्णता बाहेर जाते. दीड यू-गुणकाची खिडकी बसविली तर हीच हानि ११७ वॉटवर येते. दिवसां पडणारें ऊन तर तेथें हवेंहवेंसेंच असतें, कारण तें भट्टीचा खर्च वांचवितें. म्हणून तेथील घरमालक आधीं यू-गुणक पाहतो, हें योग्यच आहे.

आतां तीच खिडकी मुंबईच्या त्या पश्चिमेकडील भिंतींत बसवावी. बाहेर ३३ अंश, आंत २४ अंश. फरक अवघा नऊ अंशांचा. ह्या फरकामुळें आंत येणारी उष्णता सुमारें १०३ वॉट भरते. पण दुपारच्या उतरत्या उन्हांत दर चौरस मीटरवर ५०० वॉट ऊन पडत आहे असें धरलें, तर ०.८२ ह्या गुणांकानें आंत येणारी उष्णता ८२० वॉट होते. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरांतून सुमारें १०० वॉट उष्णता बाहेर पडत असते. म्हणजे त्या एका खिडकींतून आठ अदृश्य माणसें आंत येऊन बसलीं, आणि त्यांना थंड ठेवण्याचें काम यंत्राला करावें लागलें, असें म्हणावयास हरकत नाहीं. येथें यू-गुणक निम्मा केला तर पन्नास वॉटांची बचत होते, सौर-उष्णता-गुणांक ०.२७ वर आणला तर साडेपांचशें वॉटांची होते. परदेशच्या थंड हवेसाठीं बनविलेली महाग दुहेरी खिडकी, तिचा यू-गुणक उत्तम आहे एवढ्याच शिफारशीवर मुंबईंत बसविणें म्हणजे पावसाळ्यासाठीं लोंकरीचा कोट विकत घेण्यासारखें आहे. कोट चांगला असेल, पण छत्रीचें काम तो करणार नाहीं.

कोणी म्हणेल कीं मग काच काळीकुट्टच करावी, म्हणजे ऊन येणार नाहीं. पूर्वीं कित्येक इमारतींत हाच उपाय केला गेला. पण मग आंत उजेडहि येत नाहीं आणि भर दुपारीं दिवे लावावे लागतात. म्हणून तिसरा आंकडा पाहावा लागतो : डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशापैकीं किती भाग आंत येतो, तो. सूर्याच्या उष्णतेंतील जवळजवळ अर्धा भाग दृश्य प्रकाशाचा नसून तांबड्याच्या पलीकडील अदृश्य किरणांचा असतो, हें येथें मनुष्याच्या पथ्यावर पडलें आहे. चांदीचे दोन-तीन थर योग्य अंतरानें दिलेली काच प्रकाश आंत घेते आणि त्या अदृश्य किरणांना परतवून लावते. चाळणीनें पीठ खालीं पाडावें आणि कोंडा वर ठेवावा, तसा हा प्रकार आहे. अशी काच ओळखण्याची रीत सोपी आहे. प्रकाशाच्या आंकड्याला सौर-उष्णता-गुणांकानें भागावें. प्रकाश ०.५४ आणि उष्णता ०.२७ असेल तर भागाकार दोन येतो. ती काच उत्तम समजावी. भागाकार एकाच्याहि खालीं असेल, तर ती काच उष्णतेपेक्षां उजेडच अधिक अडविते असें समजावें.

ह्यांखेरीज फटींतून होणारी हवेची गळती आणि काचेवर दंव धरण्याची प्रवृत्ति ह्यांचेंहि मापन होतें. थंड देशांत दंव आंतल्या बाजूस धरतें. मुंबईच्या पावसाळ्यांत मात्र थंड केलेल्या कचेरीच्या काचेवर तें बाहेरच्या बाजूस धरलेलें दिसतें, कारण दमट हवा बाहेर आणि गार काच आंत असते.

हे सर्व आंकडे केवळ काचेचे नसून संपूर्ण खिडकीचे असावे लागतात, आणि येथेंच पुष्कळांची फसगत होते. कचेऱ्यांच्या चौकटी बहुधा ॲल्युमिनियमच्या असतात, आणि ही धातु काचेच्या शंभराहून अधिक पट उष्णतावाहक आहे. उत्तम काच साध्या धातूच्या चौकटींत बसविली तर पाणी अडवावयास धरण बांधून त्याच्या कडेला चर खणून ठेवल्यासारखें होतें. ह्यास्तव चौकटीच्या आंतल्या आणि बाहेरच्या भागांमध्यें नायलॉनसारख्या पदार्थाची पट्टी घालून उष्णतेचा मार्ग तोडतात. दोन काचा एकमेकींपासून दूर ठेवणारी कडेची पट्टीहि धातूची नसलेली बरी. संपूर्ण खिडकीची परीक्षा घेण्यासाठीं प्रयोगशाळेंत एक मोठी पेटी असते. पेटीच्या एका बाजूस कडक थंडी आणि दुसऱ्या बाजूस खोलीसारखी ऊब ठेवतात, मध्यें खिडकी बसवितात, आणि उबदार बाजू तितकीच उबदार ठेवण्यासाठीं किती वीज लागली तें मोजतात. हल्लीं प्रथम संगणकावर हिशोब करून गुणक काढतात, आणि तो हिशोब खरा आहे कीं नाहीं हें नमुन्याची अशी परीक्षा घेऊन ताडून पाहतात.

घराची खिडकी कारखान्यांतून तयार होऊन येते, तेव्हां तिच्यावर आंकड्यांची चिठ्ठी चिकटविणें सोपें असतें. व्यापारी इमारतीचें तसें नाहीं. तिची काच एका कारखान्याची, चौकट दुसऱ्याची, कडेची पट्टी तिसऱ्याची, आणि हीं सर्व जोडणारा ठेकेदार चौथा. शिवाय प्रत्येक इमारतीचें मोजमाप वेगळें. अशा वेळीं चिठ्ठी कोणी लावावी? अमेरिकेंतील संस्थेनें ह्यावर असा तोडगा काढला कीं काच, चौकट आणि पट्टी ह्या प्रत्येक घटकाचे गुण आधीं तपासून नोंदवून ठेवावे. मग अमुक इमारतीसाठीं अमुक घटक जोडले तर संपूर्ण खिडकीचे गुण काय होतील हें संगणकानें काढावें. आणि त्या इमारतीपुरतें एक प्रमाणपत्र द्यावें. नगररचनेच्या अधिकाऱ्याला तें प्रमाणपत्र पाहून, बसलेली काच तीच आहे कीं नाहीं हें पडताळतां येतें.

भारतांत ह्या दिशेनें पहिलें पाऊल २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यानें पडलें. त्या कायद्याखालीं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो स्थापन झाला, आणि २००७ सालीं व्यापारी इमारतींसाठीं ‘ऊर्जा संवर्धन इमारत संहिता’ प्रसिद्ध झाली. १०० किलोवॉट किंवा त्याहून अधिक वीजभार असलेल्या इमारती तिच्या कक्षेंत धरल्या गेल्या. संहितेची २०१७ ची आवृत्ति पाहिली तर वर सांगितलेले तिन्ही आंकडे तींत भेटतात. बाहेरच्या भिंतींचा शेंकडा ४० हून अधिक भाग काचेचा नसावा. संपूर्ण खिडकीचा यू-गुणक ३ पेक्षां अधिक नसावा. आंत येणारा प्रकाश ०.२७ हून कमी नसावा; आणि मुंबईसारख्या उष्ण व दमट हवेंत, उत्तरेखेरीज इतर दिशांना, सौर-उष्णता-गुणांक ०.२७ च्या वर नसावा. मुंबईच्या अक्षांशावर उत्तरेच्या खिडक्यांना मात्र तो ०.५० पर्यंत चालतो, कारण तिकडून ऊन थोडें येतें. पुढें २०२४ सालीं ह्या संहितेची अधिक व्यापक आवृत्ति निघाली. तथापि केंद्रानें संहिता केली म्हणजे काम झालें असें नाहीं. राज्यानें ती आपल्या नियमांत घ्यावी लागते, नगरपालिकेनें ती तपासावी लागते, आणि मालकानें ती मागावी लागते.

जुन्या इमारतींच्या बाबतींत कांहींच करतां येत नाहीं, असा मात्र कोणी समज करून घेऊं नये. न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग १९३१ सालीं पुरी झाली. २०१० सालीं तिच्या सुमारें साडेसहा हजार दुहेरी खिडक्या उतरवून, त्याच इमारतीच्या पांचव्या मजल्यावर थाटलेल्या कारखान्यांत त्या साफ करण्यांत आल्या. जुन्या दोन काचांमध्येंच लेप दिलेला पातळ पडदा ताणून बसविला, पोकळींत जड वायु भरला, आणि खिडक्या पुन्हा जागच्या जागीं लावल्या. काच व चौकट मिळून शेंकडा ९६ हून अधिक जुनें सामानच उपयोगांत आलें. ह्या खिडक्या, दिवे आणि इतर सुधारणा मिळून थंडाव्याचा भार सुमारें एक-तृतीयांशानें उतरला. त्यामुळें हवा थंड करणारीं अवाढव्य यंत्रें बदलून नवीं घेण्याचें कारणच उरलें नाहीं, जुन्यांची दुरुस्ती पुरेशी झाली. खिडकीवर झालेला खर्च यंत्रावर वांचला, ही त्यांतील शिकण्यासारखी गोष्ट.

इतकें सांगितल्यावर ह्या आंकड्यांची मर्यादाहि सांगणें जरूर आहे. प्रमाणपत्र खिडकीची योग्यता सांगतें. ती कोणत्या दिशेला, किती मोठी आणि कोणाच्या सावलींत बसवावी, हें तें सांगत नाहीं. मुंबईंतील ओव्हल मैदानासमोरचें जुनें सचिवालय १८७४ सालीं पुरें झालें. त्याचें तोंड पश्चिमेला आहे, आणि त्या अंगाला कमानींचे खोल व्हरांडे आहेत. त्या काळीं सौर-उष्णता-गुणांक कोणाच्या ऐकिवांत नव्हता. पण ऊन काचेवर पडूंच द्यावयाचें नाहीं, हें बांधणाऱ्यांना ठाऊक होतें. काचेंतून आंत शिरलेलें ऊन बाहेर काढण्यापेक्षां तें काचेच्या बाहेर थोपविणें केव्हांहि स्वस्त पडतें. आंतला पडदा हें काम अर्धवटच करतो, कारण उष्णता तोंपर्यंत खोलींत आलेली असते. म्हणून छज्जे व उभ्या फळ्या असलेल्या खिडक्यांना त्यांच्या सावलीचा हिशोब धरून सवलत देण्याची तरतूद भारतीय संहितेंतहि आहे. सावली, दिशा आणि काचेचें प्रमाण हीं आधीं ठरवावीं, आणि मग उरलेलें काम उत्तम काचेवर सोपवावें, हा क्रम सोडला तर सर्वांत महाग काचहि हरते.

तेव्हां कचेरीसाठीं, दवाखान्यासाठीं किंवा दुकानासाठीं नवी जागा घेणाऱ्यानें फरशी आणि रंग पाहून झाल्यावर चार प्रश्न अवश्य विचारावे. पश्चिमेच्या भिंतीचा किती भाग काचेचा आहे? सौर-उष्णता-गुणांक किती, आणि प्रकाशाचा आंकडा किती? हे आंकडे केवळ काचेचे आहेत कीं चौकटीसह संपूर्ण खिडकीचे? आणि त्यांचें लेखी प्रमाणपत्र आहे काय? विकणाऱ्याला उत्तरें देतां आलीं नाहींत, तर त्या जागेंत एकदां दुपारीं तीन वाजतां जाऊन काचेपाशीं थोडा वेळ बसावें. पडदे ओढलेले आणि दिवे लावलेले आढळले, तर विजेच्या बिलाचा अंदाज तेथल्या तेथेंच करतां येईल.